सिंहासनाची वाळवी

आमचे हे नाटक कंपनीत सुतार. चाळीस वर्षं राजांची सिंहासनं बनवली, पण समोर बसून नाटक एकही पाहिलं नाही. एकदा जुन्या नाटकाच्या तालमीत राजा ओरडला, "या सिंहासनाला आतून वाळवी लागली आहे!" यांनी ते विंगेतून ऐकलं. घरी येऊन म्हणाले, "मॅनेजर मला काढायला टपलाय. चारचौघांत माझ्या लाकडाला नावं ठेवायला लावतोय."

मग रोज सिंहासन बोटाने वाजवून बघायचे. आवाज खणखणीत यायचा, तरी संशय काही जाईना. शेवटी मीच म्हटलं, "अहो, मी अडाणी, पण एवढं मलाही कळतं. उद्या समोर बसून सगळं नाटक बघू या. चोर आपोआप सापडेल."

बसलो. राजाचा धाकटा भाऊ गोडगोड बोलत पाया पडला आणि पाठ फिरवून गालात हसला. राजाने ते आरशात पाहिलं आणि तेच वाक्य बोलला. हे माझ्या कानाशी लागले, "अगं, वाळवी म्हणजे हा मेला! माझं लाकूड ठणठणीत आहे."

नोकरीची काळजी मिटली. पण हल्ली आमचे धाकटे भावजी गोड बोलायला लागले, की हे हळूच खुर्चीचा हात वाजवून बघतात.