हात वर म्हणजे काय

रविवार, १२ जानेवारी २०२५. जागा: नागपूर, आमच्या घरामागचं अंगण.

हजर: बाबा. आई. मी. सिग्नलवाले काका, अमरावतीहून, वेळेआधी. बॉयलरवाले काका, मनीषनगरहून, वेळेनंतर.

गैरहजर: माझा नवरा (हिंगण्याला एका कंपनीच्या कार्यक्रमाचा मंडप उतरवायला) आणि बाबांचं कानातलं मशीन (कपाटात, मोज्यांच्या खणात).

नावं लिहायची नाहीत, जहाजाचंही नाही, असं बाबांनी बजावलं आहे. "नेव्हीवाले वाचतील अन् चुका काढत बसतील." म्हणून ज्याची त्याची ओळख कामावरून. हजेरीची सवय धंद्याची. आमचं बिछायत केंद्र आहे. लग्नाबारशाला लागणाऱ्या खुर्च्या, सतरंज्या, स्वयंपाकाची मोठी गंजं, शेगड्या आम्ही भाड्याने देतो. गेलेली प्रत्येक वस्तू परत आली की नाही हे पाहण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं.

बाबांनी नेव्ही सोडल्यावर हा धंदा सुरू केला. त्याआधी ते एका युद्धनौकेच्या बॉयलर रूममध्ये होते, एकाहत्तरच्या लढाईतही. त्या खोलीने त्यांचे कान नेले, पण हप्त्याहप्त्याने. तरुणपणी थोडे, साठीनंतर बरेच, आणि गेल्या दोन वर्षांत जवळजवळ सगळेच. मशीन आणून दिलं तर म्हणाले, "याच्यात ताट पडल्याचा आवाज येते, माणसाचा येत नाही." आणि ते मोज्यांमध्ये गेलं.

त्यानंतर बाबा सगळ्यांच्या आधी जेवायला लागले. आम्ही पानं घेईपर्यंत ते हात धुऊन आपल्या खोलीत. बोलता त्यांना उत्तम येतं, पण ऐकू येत नाही तिथे बोलणंही हळूहळू थांबतं. शेजारी हाक मारत नाहीत, फोन माझ्याकडे येतात. आई म्हणायची, "घरात आहेत, पण पाहुण्यासारखे आहेत." या रविवारी मला एकच गोष्ट हवी होती. बाबांनी पंगतीत शेवटपर्यंत बसावं.

बाबांच्या जहाजावरचे हे दोन काका सापडले ते खुर्चीमुळे. आमच्या प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर बाबांचं नाव आणि खाली फोन नंबर रंगवलेला असतो. सिग्नलवाले काका डिसेंबरात इतवारीतल्या एका लग्नाला आले होते. पंगतीत पुढच्या खुर्चीवरचं नाव वाचलं आणि तिथूनच फोन लावला. "ही खुर्ची ज्याची, तो माणूस कधी जहाजावर होता का?" मी हो म्हटल्यावर त्यांनी बँडच्या वर आवाज काढून आमचा पत्ता विचारला. बॉयलरवाल्या काकांचा नंबर त्यांच्याकडे होताच. बाबांचा तेवढा नव्हता.

बॉयलरवाले काका म्हणजे आमच्या घरातलं एक दैवत. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांची गोष्ट लहानपणापासून पाठ होती. लढाईत जहाज पूर्ण वेगात असताना बॉयलरच्या पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी फुटली. खोलीभर वाफ. बाबांना नळी बंद करायचा कॉक दिसेना. त्यांनी शेजारच्या दोस्ताला खुणेने सांगितलं, वर जा, शिडीने बाहेर पड. तो गेला नाही. पंख्यापाशी उभा राहिला, पंखा वाढवला, वाफ पांगली, बाबांना कॉक सापडला. "सांगूनबी गेला नाही," बाबा दर वेळी शेवटी म्हणायचे. "असा माणूस पाह्यला नाही मी."

एवढं असून मी बेत कागदावर लिहून दाखवला तेव्हा बाबांचा चेहरा क्षणभर उजळला आणि लगेच बंद झाला.

"नको बोलावू. ते बोलतीन, मी गोट्यासारखा बसीन. दोस्तासमोर तरी नको."

"बोलावलं," मी लिहिलं.

"मंग मी जावयासोबत हिंगण्याले जातो."

इथे आई कामी आली. तिने गोवऱ्यांच्या ढिगाकडे बोट दाखवलं आणि त्यांच्या तोंडासमोर जाऊन म्हणाली, "रोडगे आहेत. आग कोण सांभाळीन? तुमच्या जावयाले तं मच्छर अगरबत्ती पेटवता येत नाही." बाबांना ओठांवरून किती कळलं माहीत नाही. रोडगे कळले. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे गोळे भाजायचे तर आगीवर हुकमत लागते आणि ती आमच्या घरात एकट्या बाबांची. ते थांबले, पण आगीसाठी. बोलण्यासाठी नाही, हेही सांगून टाकलं.

सिग्नलवाले काका आले ते बोलतच. बारीक, ताठ, डोळ्यांवर अजून चष्मा नाही. बाबांना मिठी मारून त्यांनी पन्नास वर्षांचा सगळा हिशोब एका दमात सांगितला. बाबा "हो, हो" करत होते. बाबांचं हे "हो, हो" मी ओळखते. त्याचा अर्थ काही ऐकू आलं नाही. पाहुण्याचा चहा संपायच्या आत ते अंगणाच्या टोकाला आगीपाशी जाऊन, आमच्याकडे पाठ करून बसले. मी स्वयंपाकघरात वांगी चिरत स्वतःला सांगितलं की झालं, फिसकटलं.

तेवढ्यात मागच्या फाटकाशी ऑटो थांबला. त्यातून एक जाडजूड गृहस्थ उतरले, हातात संत्र्यांची पिशवी, काखेत छत्री. मी पुढे झाले. "काका, बाबांना ऐकू येत नाही, मी त्यांना..."

"त्याले कधी ऐकू येत होतं?" ते म्हणाले. पिशवी माझ्या हातात दिली, समोरच्या टिनाच्या शेडवर छत्रीच्या दांड्याने एक ठोका मारला, आणि जमिनीतून तो हादरा गेला की काय कोण जाणे, बाबांनी मान वळवली. काकांनी स्वतःच्या खांद्यावर दोनदा थाप मारली आणि मूठ हवेत गोल फिरवली.

बाबांच्या हातातला चिमटा खाली पडला. त्यांनी नाकाच्या शेंड्याला बोट लावलं, मग दोन्ही हातांनी पोटासमोर मोठा घेर दाखवला. काकांनी पोटावर हात फिरवून कपाळावर मारून घेतला. बाबांनी मनगटाकडे बोट केलं. काकांनी ऑटोकडे हात झटकला. हे सगळं अंगणाच्या दोन टोकांवरून, एक शब्द न बोलता, आणि इतक्या वेगाने की मला पत्ते पिसताना पाहिल्यासारखं वाटलं.

"हे काय करून राहिले वं?" आई बाहेर येऊन म्हणाली.

"बोलून राहिले वहिनी," सिग्नलवाले काका म्हणाले. "बॉयलर रूममध्ये कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी कळत नसे. हे खालचे लोक हातानंच बोलत. आम्हा वरच्यांले वाटे, शिव्या देतात."

"देतच होतो," बॉयलरवाले काका म्हणाले.

खांद्यावर दोन थापा म्हणजे, तुझी पाळी संपली, मी आलो. फिरवलेली मूठ म्हणजे सगळं ठीक चालू. नाकाचा शेंडा म्हणजे बॉयलरवाले काका स्वतः. तिथे प्रत्येकाच्या नावाची एक खूण होती, कारण हाक मारून उपयोग नव्हता. बाबांचं नाव चिमटीने मीठ टाकल्यासारखं. ते खारट फार खातात, हे जहाजालाही माहीत होतं.

मग बाबा बोलायला लागले. हात आणि तोंड दोन्हींनी, मोठ्या आवाजात. सिग्नलवाल्या काकांचं बोलणं बॉयलरवाले काका हाताने त्यांना सांगत. मध्येच स्वतःचंही काही घालत असावेत, कारण बाबा भलत्याच जागी हसत होते.

"पण इतके दिवस तुम्ही नागपुरातच होता," मी बॉयलरवाल्या काकांना म्हटलं. "तुम्हाला खुर्च्यांवर नाव दिसलं नाही?"

"अवं पोरी, तुमच्या खुर्चीवर किती लग्नं जेवलो मी! पाठ टेकून बसलो."

"बस, एवढाच फरक आहे," सिग्नलवाले काका म्हणाले. "सिग्नलवाला वाचते, बॉयलरवाला टेकते."

युद्ध कसं दिसलं, असं मी विचारलं, तर सिग्नलवाले काका सुरू झाले. काळोख केलेलं जहाज, क्षितिजावर उठलेला लाल उजेड, डोळ्यांना दुर्बीण लावून आखडलेली मान. ते थांबल्यावर बॉयलरवाले काका म्हणाले, "आम्ही तं काही पाह्यलंच नाही. वरून घंटी वाजे, काटा फिरे. वेग वाढवा, वेग कमी करा. लढाई जिंकली हेबी आम्हाले काट्यावरून समजलं. अन् पाइपावर आलू भाजून खाल्ले."

"ते आलू खायला हा वरून येई," बाबा सिग्नलवाल्यांकडे बोट करून म्हणाले. "म्हणे, थंडी वाजून राहिली. अरबी समुद्रात!"

समुद्र न पाहता मोठी झालेली विदर्भातली तीन पोरं. बॉयलरवाल्या काकांनी घर सोडलं तेव्हा त्यांची आई म्हणाली होती म्हणे, पाण्यात काय जातोस, तुले अंबाझरीच्या तलावात पोहता येत नाही.

रोडग्यांची वेळ झाली. बाबांनी दोस्ताला आगीच्या पलीकडे बसवलं, हातात पुठ्ठा दिला. दोघांनी निखारे असे तपासले की जणू वरून घंटी वाजणार आहे. गोळे आत गेले. वारा फिरला. खालची एक गोवरी ओली निघाली असावी, कारण एकदम पांढरा धूर उठला आणि बॉयलरवाले काका त्यात गडप झाले. खोकल्याचा आवाज तेवढा येत होता.

बाबा उभे राहिले आणि हात वर करून उचलल्यासारखी खूण केली, मग घराकडे बोट केलं. पुठ्ठ्याचा वेग वाढला. बाबांनी परत हात वर केला. पुठ्ठा आणखी जोरात. अंगणभर राख उडाली, धूर पांगला, आतून लालभडक निखारे आणि लालभडक काका.

"काहून बे!" बाबा ओरडले. "उठून वर ये म्हणून राहिलो मी तुले, तू हवा काहून घालून राहिला?"

काकांना हाताने सांगायचं सुचलं नाही. त्यांनी बाबांच्या समोर जाऊन, ओठ मोठे करून विचारलं, "हात वर म्हणजे पंखा वाढव ना?"

"हात वर अन् मंग शिडीकडे बोट. म्हणजे वर जा."

"बोट कुठं दिसलं? धूर होता."

मी हातात परात घेऊन उभी होते. दोघांना ते एकाच वेळी कळताना मी पाहिलं. बाबांनी हळूच काचेची नळी फुटल्यासारखी बोटं उघडली. काकांनी मान हलवली आणि आता त्यांचे हातही बोलायला लागले.

"तवाबी?" बाबा म्हणाले.

"तवाबी. वाफेत फक्त हात दिसला. वर. मले वाटलं, पंख्याचा हुकूम आहे. मी आजवर पोराबाळांले सांगतो, एवढ्या वाफेत त्या माणसाचं डोकं पाहा कसं थंड, म्हणे पंखा वाढव!"

"अन् मी सांगतो, सांगूनबी गेला नाही!"

पहिले सिग्नलवाले काका हसले. "म्हणजे आमचं जहाज एका गैरसमजावर वाचलं." मग बाबा. इतकं हसले की त्यांना आगीपाशीच खाली बसावं लागलं, आणि काका त्यांच्या शेजारी, पाठीवर थापा मारत. आई डोळे पुसत म्हणाली की धुराने पाणी आलं.

मी न राहवून विचारलं, "काका, खूण बरोबर कळली असती तर गेला असता तुम्ही?" बाबांनी माझा प्रश्न काकांच्या चेहऱ्यावरून ओळखला असावा. तेही पाहत राहिले.

काकांनी थोडा विचार केला. "शिडीकडे एक बार पाह्यलं असतं," ते म्हणाले आणि हाताने तेच बाबांना सांगितलं. बाबांनी मूठ हवेत गोल फिरवली. सगळं ठीक चालू.

पंगत उन्हातच बसली, आमच्याच सतरंजीवर. रोडगे फोडून त्यावर तूप, वांग्याची भाजी, वरण. रोडगे एका बाजूने करपले होते. बाबांनी सांगितलं, ती बॉयलरवाल्याची बाजू. मला मधोमध जागा मिळाली आणि खुणा शिकवल्या गेल्या. पाणी, मीठ, गरम आहे, पुरे, आणखी. मी आत्मविश्वासाने बाबांना "आणखी वाढू का" विचारलं, तर तिघंही फुटले. मी "बॉयलर बंद करू का" विचारलं होतं. मग मलाही नाव मिळालं. डाव्या तळव्यावर उजव्या बोटाने टिक. बाबांनी ठरवलं, कोणी विरोध केला नाही.

ताटं उचलेपर्यंत बाबा जागेवर होते. संत्री सोलेपर्यंतही. मी एकदाही त्यांच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं नाही, पाहायची गरज पडली नाही.

निघता निघता बॉयलरवाले काका आईला म्हणाले, "वहिनी, तुमचंबी नाव होतं खाली. लग्नाले वर्ष झालं नव्हतं याच्या. चिठ्ठी आली की हा पठ्ठ्या शिडीवरून उतरतानाच..." आणि त्यांनी हात उचलला. बाबांनी तो हवेतच पकडला.

"सोडा त्यांचा हात," आई म्हणाली. "पाहू द्या मले."

बाबांनी सोडला नाही. फाटकापर्यंत दोस्ताला तसंच, हात धरून नेलं आणि ऑटोत बसवलं. सिग्नलवाल्या काकांनी शपथेवर सांगितलं की त्यांना माहीत नाही, ते वरचे.

आता आम्ही एकत्र जेवतो. मनीषनगरहून संध्याकाळी व्हिडिओ कॉल येतो आणि बाबा फोन स्वतः घेतात, तांब्याला टेकवून ठेवतात, दोन्ही हात मोकळे लागतात म्हणून. नवरा पंधरवड्यात "मीठ" आणि "पुरे" एवढ्या दोन खुणा शिकला आणि त्याही उलट्या. आई मात्र माझ्यापेक्षा पुढे गेली. रोज जेवण होत आलं की ती बाबांसमोर बसते, स्वतःच्या छातीवर बोट ठेवते आणि भुवया उंचावते. बाबा तिच्याकडे पाहतात, चिमटीने हवेत मीठ टाकतात, म्हणजे स्वतःचंच नाव सांगतात, आणि ताक मागतात.

रविवारच्या कामांपैकी सतरंज्या धुतल्या, हिंगण्याची शेगडी परत आली, संत्र्यांची पिशवी मनीषनगरला पोचती केली.

आईची खूण समजून घेणे: बाकी. जबाबदारी: आई.