टोपलीबाहेरचा कागद

तिला मुकादम कोणी केलं नव्हतं, तीच झाली होती. कचेरीच्या त्या सहा मजली इमारतीत झाडू मारणाऱ्या पाचजणींत तिचा आवाज सगळ्यांत मोठा होता आणि जिभेला हाड नव्हतं, एवढी पात्रता पुरली. पुढे साहेबलोकही तिला मुकादमच म्हणू लागले आणि घरी नवरासुद्धा. तो फक्त जरा जपून म्हणायचा.

मग कचेरी दुसरीकडे गेली आणि इमारत ओस पडली. टेबलं गेली, कपाटं गेली, फरशीवर त्यांचे चौकोनी डाग तेवढे राहिले. काही काळानं नवा मालक आला. इथे हॉटेल करायचं ठरलं. लांबलचक हॉल कापून खोल्या पाडल्या. पूर्वी अख्ख्या मजल्याला जिन्याशेजारी एकच मोरी होती, आता प्रत्येक खोलीला न्हाणीघर हवं. त्यामुळे इमारतीचं पोट फाडल्यासारख्या नळ्या छतातून लोंबत होत्या.

हे कळलं त्या दिवशी मुकादम चौघींना घेऊन तळमजल्यावर जाऊन बसली. घोषणा नाही, आरडाओरड नाही. मालक आला तशी म्हणाली, "या भिंती आम्ही पुसल्यात. इथं काम निघणार असेल तर पहिला हक्क आमचा."

मालक माणूस बरा होता, किंवा पाच बायकांना ओलांडून लिफ्टकडे जाणं त्याला जमेना. म्हणाला, "घेऊ की. पण हॉटेलचं काम निराळं असतं, बाई. खोल्यांचं बघायला मॅडम आल्यात, त्या एकेकीची परीक्षा घेतील."

इथे गप्प बसली असती तर ती मुकादम कसली!

"एकेकीची कशाला? यांना सगळ्यांना मीच शिकवलंय. माझी एकटीची घ्या. मी पास तर पाचही पास."

"आणि नापास झालात तर?"

"तर पाचहीजणी घरी."

आ बैल मला मार, दुसरं काय! मागे चौघी बसल्या होत्या. त्यांना विचारायचं राहूनच गेलं. त्यांतल्या दोघींच्या घरी दुसरं कमावणारं माणूस नव्हतं, हे मुकादमला पक्कं ठाऊक होतं. पण आपण हरू, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावर नमुन्याची एक खोली तयार केली होती. बाकीच्या कशा होणार ते दाखवायला. मुकादमनं दारातूनच जागा ओळखली. इथे पगाराचे कारकून बसायचे. खिडकी तीच होती, खाली फक्त टेबलाऐवजी पलंग आला होता.

मॅडम मध्यम वयाची, चपट्या चपला घातलेली, मोजकं बोलणारी बाई होती. तिनं खोली मुद्दाम वापरल्यासारखी करून ठेवली होती. पांघरूण अर्धं खाली, ओला टॉवेल खुर्चीवर, टेबलावर उष्टा कप आणि कचऱ्याच्या टोपलीच्या बाहेर, अगदी काठाशी, चुरगळलेला एक कागद.

"पाहुणा बाहेर गेलाय असं समजा," ती म्हणाली. "खोली करा. मी येतेच."

मुकादमनं बाह्या वर सारल्या. फरशी अशी पुसली की पाय ठेवायला लाज वाटावी. खिडकीची काच, तिच्या खाचेतली माती, दाराची कडी, न्हाणीघरातला नळ, आरशाची मागची कडसुद्धा तिनं सोडली नाही. मग कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मनातल्या मनात चौघींना कामावर रुजूही करून टाकलं.

मॅडम आली. खोलीभर बघितलं. मग शांतपणे म्हणाली, "सुरू करा ना. थांबलात कशासाठी?"

"सुरू? अहो, झालं!"

"काय झालं? पलंग तसाच आहे. टॉवेल तसाच. कप तसाच."

"तो पाहुण्याचा ना?"

"कप हॉटेलचा आहे, मुकादम. पलंगही."

मुकादमच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिनं केलं होतं ते आयुष्यभर केलेलंच. फार पूर्वी एका कारकुनाचा कागद हरवला होता आणि आळ आला झाडूवालीवर. तेव्हा हिनंच पाचजणींचा कायदा केला: टोपलीत पडलं ते आपलं, टोपलीबाहेरचं साहेबाचं. टेबलावर हात जाता कामा नये. कप असो, टाचणी असो, भोवतीनं पुसायचं आणि पुढे जायचं. त्या दिवसापासून एकीवरही आळ आला नाही. आणि आज त्याच कायद्यानं तिला तोंडघशी पाडलं.

"कागद उचलला नाहीत ते बरोबर," मॅडम म्हणाली. "टोपलीबाहेरचं आम्हीही फेकत नाही. पण बाकीची खोली झाली नाही. शब्द तुमचाच होता."

"माझाच," मुकादम म्हणाली आणि बाहेर पडली.

चौघी जिन्यात बसल्या होत्या. तिचा चेहरा बघून एकीनं विचारलं, "काय गं?"

"नापास."

आधी कात्रीच बोलली. कात्री त्यांच्यातली सगळ्यांत धाकटी, जिभेमुळेच हे नाव पडलेलं.

"नाचता येईना तर अंगण तरी वाकडं म्हण की गं, मुकादम! काहीतरी बोल!"

"काय बोलू? हात दाखवून अवलक्षण केलं."

"हात तुझा होता का पण? आमचेही चार धरलेस ना त्यात. आमची परीक्षा तू का दिलीस? कोणी सांगितलं होतं तुला?"

दुसरी कोणी असती तर मुकादमनं तिथेच तिला सोलली असती. पण कात्रीचं बोलणं खरं होतं. आजवर साहेबांना ती दर वेळी हेच म्हणत आली होती, की आम्हाला न विचारता आमचं ठरवता कसं? आज या जिन्यात ते वाक्य तिच्याच अंगावर आलं.

ती परत वर गेली. मागण्या तिनं खूप केल्या होत्या, विनंती एकही नाही. ती कशी करतात ते तिला येत नव्हतं, म्हणून सरळच बोलली.

"मॅडम, तो शब्द माझ्या एकटीचा. चौघींना मी विचारलं नव्हतं. त्यांची परीक्षा घ्या. मला नका घेऊ हवं तर."

मॅडम टॉवेलची घडी करत होती. मान वर न करता म्हणाली, "सोमवारी पाचहीजणी या. पलंग शिकून या."

पलंग शिकवायला मुकादमच्या घरातच गुरू होती. सून इस्पितळात आया होती. मुकादमनं आजवर तिच्या हातच्या चहालाही नाव ठेवलं होतं, आता तिच्यापुढे चौघींसकट रांगेत उभी राहिली.

सासरे, म्हणजे मुकादमचा नवरा, पलंगावर आडवे होते. "मी उठू का?" त्यांनी विचारलं.

"राहा हो बाबा," सून म्हणाली. "आमच्याकडे पेशंट पलंगावर असतानाच चादर बदलतात."

"मी पेशंट नाही!"

"मग उठा."

ते उठले. सुनेनं चादर झटकून पसरली, कोपरा पाकिटासारखा दुमडून गादीखाली सारला. "आई, ओढा. अजून. सुरकुती राहिली."

"दिसतेय मला."

"दिसतेय तर ठेवलीत कशाला?"

कात्री हसून हसून भिंतीला टेकली. मुकादमनं दात आवळून चादर ओढली.

सोमवारी चौघी पास झाल्या. कात्रीचा पलंग तर असा ताणलेला, की मॅडमनं त्यावरून दोनदा हात फिरवला. मुकादमचा एक कोपरा सुटला. मॅडम म्हणाली, "तुम्हाला महिनाभर शिकाऊ घेते. कात्रीच्या हाताखाली."

खिडकीबाहेर गवंड्याच्या थापीचा आवाज येत होता.

"चालेल," मुकादम म्हणाली.

पहिली खोली तीच, पगाराच्या कोपऱ्यातली. मॅडमनं पुन्हा तशीच पसरून ठेवलेली. टेबलापाशी मुकादमचा हात सवयीनं थांबला.

"उचल की गं, शिकाऊ!" मागून कात्री ओरडली. "चावत नाही तो!"

मुकादमनं त्या इमारतीतल्या टेबलावरचा कप आयुष्यात पहिल्यांदा उचलला. खाली ओला गोल डाग होता, तो पुसला. टोपलीबाहेरचा कागद मात्र उचलून नीट सरळ केला आणि टेबलावर ठेवला.

"तेवढं मी तुम्हाला शिकवलंय," ती म्हणाली. "ते विसरायचं नाही. कुठला कोपरा राहिला ते सांग आता."