फेसवाल्या मावशीचं नाक

गॅसच्या शेगड्या बसवणाऱ्या त्या बाईला सगळे फेसवाली मावशी म्हणत. नवरा गेल्यावर त्याचीच हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवून तिनं काम चालू ठेवलं, त्याला आता एकोणीस वर्षं झाली. वाटीत साबणाचा फेस करायचा, नळीच्या प्रत्येक जोडाला ब्रशनं लावायचा आणि बुडबुडा येतोय का ते डोळ्यांत तेल घालून बघायचं, ही तिची पद्धत. कुणी काडी ओढून गळती बघायला निघालं, की ती अशी खेकसायची की त्या माणसानं पुन्हा काडेपेटी हातात घेताना दहादा विचार करावा!

पण तीन महिन्यांपूर्वी ती तापानं अंथरुणाला खिळली, आणि उठली ती नाक गमावून. घरात दूध करपून पातेलं काळंठिक्कर पडलं, तरी बाहेरच्या खोलीत बसलेल्या तिला पत्ता नाही. हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. सांगणार तरी काय, कपाळ? गॅसचं काम करणारी बाई आणि तिला गॅसचाच वास येत नाही, हे कळल्यावर तिला दारात तरी कोण उभं करणार? फेस आहे की आपला, अशी ती मनाची समजूत घालायची. भीती मात्र पोटात घर करून बसली होती. गिऱ्हाइकानं "वास नाही ना येत, मावशी?" असं विचारलं की ती नुसती मान हलवायची, आणि मग दिवसभर तिला घास जायचा नाही.

त्या दिवशी सकाळी तिनं एका तिसऱ्या मजल्यावरच्या घरात काचेची नवी शेगडी बसवली. घरात एक तरुण आई आणि तिचं पाच महिन्यांचं बाळ, दोघंच. नळी जोडली, क्लिपा आवळल्या, फेस लावला. एक बुडबुडा नाही. मावशीनं हात पुसले, तेवढ्यात ती पोरगी म्हणाली, "मावशी, दोन बोटं डावीकडे घ्याल का? खालचा खण उघडताना नळीला अडतोय." मावशीनं नळी काढली, शेगडी सरकवली, नळी पुन्हा जोडली. मग ज्योत निळी येते का ते बघितलं, काच गरम असताना ओलं फडकं लावू नकोस म्हणून बजावलं, आणि निघाली.

दुसरं काम दोन गल्ल्या सोडून, एका निवृत्त मास्तरांकडे. बर्नर तुंबला होता. मास्तर भारी चिकित्सक, प्रत्येक गोष्ट वहीत लिहून घेणारे. मावशी बारीक तारेनं बर्नरची भोकं मोकळी करत होती आणि ते वही उघडून शेजारी उभे.

"फेस नेमका कधी लावायचा?" मास्तरांनी विचारलं.

"सगळी हलवाहलव संपल्यावर," मावशी सवयीनं म्हणाली. "फेस लावल्यावर शेगडीला नुसता धक्का लागला, तरी पुन्हा लावायचा."

बोलली, आणि तिच्या हातातली तार थांबली. दोन बोटं डावीकडे! त्यानंतर फेस कुठे लावला होता? नळी घाईत जोडली, क्लिप आवळली की नुसती अडकवली, काही केल्या आठवेना. रेग्युलेटर तर चालूच ठेवून आली होती.

"मास्तर, याला हात लावू नका, मी आले!" एवढंच ओरडून ती चपला न घालताच पळाली.

वाटेत तिनं त्या पोरीला फोन लावला. दोनदा वाजला, कुणी उचलला नाही. तिसऱ्यांदा लावणार तेवढ्यात बोट थबकलं. पोरीचा फोन तिथल्या ओट्यावरच पडला असेल तर? त्यातनं ठिणगी उडाली तर? तिनं फोन बंद करून टाकला. स्फोटाचा आवाज येतोय का म्हणून कान टवकारून ती धावत होती, आणि रस्त्यात कुणाच्या गाडीचं दार आपटलं तरी तिचा जीव जात होता. अगं बाई, काय करून बसले मी!

तीन जिने चढून ती दाराशी पोचली. हात सवयीनं बेलकडे गेला. चटका बसावा तसा तिनं तो मागे घेतला आणि दोन्ही तळव्यांनी दार बडवलं.

दार उघडलं. पोरीच्या कडेवर बाळ, दोघंही धडधाकट.

"मावशी? अहो, काय झालं?"

"बाळाला घेऊन खाली हो! दिव्याच्या बटणाला हात लावू नकोस. काही विचारू नकोस, आधी खाली हो!"

मावशी आत शिरली. आधी रेग्युलेटर बंद केला, मग खिडक्या सताड उघडल्या. शेगडीच्या मागची क्लिप बोटानं सहज फिरत होती. भिंतीला धरत धरत ती कशीबशी जिन्यात आली.

पोरगी खालच्या पायरीवर बाळाला छातीशी धरून उभी होती. "वास तर तुम्ही होतात तेव्हापासूनच येत होता," ती म्हणाली. "म्हटलं, नव्या नळीचा असेल. तुम्ही तिथेच उभ्या होतात, काही बोलला नाहीत, म्हणून मीही गप्प बसले. आत्ता दूध तापवायलाच निघाले होते, तर हा रडायला लागला."

पोरीनं वर उघड्या दाराकडे बघितलं.

"आता गेला का हो वास?"

मान हलवायची सवय इतकी अंगात मुरली होती, की ती हलायलाच लागली होती. मावशीनं ती थांबवली. "मला माहीत नाही, पोरी. मला वासच येत नाही. तीन महिने झाले. मी कुणाला सांगितलं नाही."

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. आता ही चार शिव्या देईल, द्याव्यातच, असं मावशीला वाटलं. पण तिनं बाळ मावशीच्या हातात दिलं, "धरा याला," म्हणाली आणि स्वतः वर गेली.

मावशी पायरीवर बसली. बाळ पडेल म्हणून तिनं त्याला पोटाशी आवळून धरलं. मग वरून हाक आली.

"गेला, मावशी! काही वास नाही आता."

"खाली वाकून बघ गं," मावशी ओरडली, आणि तिला रडू फुटलं. "गॅस जमिनीलगत साचतो. ओट्याखाली वाकून बघ. मला कळत नाही गं, पुन्हा एकदा बघ."