एका माणसाला किती माणसं

मी बीबीएला प्रवेश घेतला तेव्हा बेचाळीस वर्षांची होते. कारण साधं होतं. बारावी कॉमर्स झाल्यावर लग्न झालं आणि पदवी राहून गेली. राहिलेलं काम पूर्ण करावं, एवढंच मनात होतं. मुलगी शिकायला पुण्याला हॉस्टेलवर गेली, सकाळचा एक डबा कमी झाला, आणि मी बारामतीच्या एका कॉलेजातून फॉर्म आणला.

लासुर्ण्याला आमची उसाच्या रोपांची नर्सरी आहे. उसाचा एकेक डोळा, म्हणजे कोंब फुटतो तो भाग, कापून ट्रेमध्ये लावायचा, महिनाभर सांभाळायचा आणि रोप तयार झालं की शेतकऱ्याच्या टेम्पोत भरून द्यायचं, असं ते काम. ट्रे भरायला आणि डोळे लावायला गावातल्या चौदा बायका येतात. नवरा आणि दीर शेती बघतात, नर्सरी मी आणि माझी धाकटी जाऊ. मी कॉलेजला जाणार म्हणजे माझ्या वाट्याचं काम तिच्यावर पडणार. म्हणून नवऱ्याच्या आधी मी तिला विचारलं.

ती ट्रेवर पाणी मारत होती. मान वर न करता म्हणाली, "किती वर्सं?"

"तीन."

"तीनच ना? मग जावा. पर तीन झाली की माझी पाळी. मला नर्सिंगला जायचंय."

हे मला नवीन होतं. तिने चौकशी करून ठेवली होती. दोन वर्षांचा एएनएमचा कोर्स, बारावी झालेली चालते, पण वय पस्तिशीच्या आत हवं. तिचा धाकटा मुलगा तेव्हा तीन वर्षांचा होता, त्यामुळे लगेच निघणं तिला जमणार नव्हतं. ती एकतीसची होती. माझी तीन वर्षं झाली की चौतीस.

"एक वर्स जरी लांबलं तरी माझा फॉर्म घेत न्हाईत, ताई. ध्यानात ठेवा."

"मी कशाला लांबवते?" मी म्हटलं. मॅनेजमेंट शिकायला चालले होते. वीस वर्षं दुसरं काय करत होते?

प्रवेशासाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र लागत होतं, म्हणजे मधल्या काळात शिक्षण का थांबलं ते स्टॅम्पपेपरवर लिहून द्यायचं. त्यासाठी इंदापूरला तहसीलच्या आवारात गेले. झाडाखाली टेबल मांडून बसलेल्या टायपिस्टने मजकूर अर्धा करूनच ठेवला होता.

"गॅप किती? एक वर्स का दोन?"

"चोवीस."

त्याने चष्मा वर केला. "मुलाचं न्हाय का हे?"

"माझं आहे."

"चोवीस वर्सांत काय केलं ते लिवावं लागतंय बाई."

मी सांगायला लागले, तर त्याने हाताने थांबवलं. "एका ओळीची जागा हाय." आणि त्याने टाइप केलं : घरगुती कारणास्तव. त्याखाली, या काळात मी कोणत्याही गैरकृत्यात सहभागी नव्हते, असंही होतं. मी वाचून सही केली. दोन्ही खरं होतं.

कॉलेजात पहिल्या दिवशी शिपायाने मला पालकांच्या रांगेत उभं केलं. एसटीत कंडक्टरने पास हातात घेऊन फोटो पाहिला, मला पाहिलं, आणि म्हणाला, "बरं हाय. आमच्या मंडळीला बी सांगतो."

"सांगा. पण सकाळचं काम कोण करणार ते आधी ठरवा," मी म्हटलं. पुढचा आख्खा महिना तो माझा पास न बघताच पुढे जायचा.

वर्गात मला आवडत होतं. सरांच्या हातातला खडू, सरळ बाक, आणि तासभर कुणीही हाक न मारणं. घरी तासभर सलग बसल्याचं मला आठवत नाही. माझ्या शेजारी कन्हेरीची एक मुलगी बसायची, एकोणीस वर्षांची. स्कूटीवर यायची, मला काकू म्हणायची आणि माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी न विचारता घ्यायची. अकाउंट्स मला जड गेलं, गणिताने घाम काढला. मॅनेजमेंटची तत्त्वं हा विषय मात्र घरचा वाटला. नियोजन, देखरेख, कामाची वाटणी. सर शिकवायचे मराठीत, पेपर लिहायचा इंग्रजीत. मी लहान लहान वाक्यं करून लिहीत गेले. त्या पेपराच्या दिवशी सर्वांत आधी उठले ती मी.

निकाल लागला. गणितात पास, अकाउंट्समध्ये पास, मॅनेजमेंटमध्ये नापास.

घरी मी सांगितलं नाही. पुढच्या खेपेला निघून जाईल, उगाच कशाला बोभाटा, असा हिशेब केला. पुन्हा परीक्षा दिली, पुन्हा तसंच लिहिलं आणि पुन्हा नापास झाले. तोवर दुसरं वर्ष अर्धं सरलं होतं. ऑफिसातल्या क्लार्कने नियम सांगितला : पहिल्या वर्षाचा एकही विषय राहिला तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश नाही. याला इयर डाऊन म्हणतात. आता उन्हाळ्यातली एकच परीक्षा उरली होती.

त्या संध्याकाळी मी जावेला सांगितलं. बायका घरी गेल्या होत्या, आम्ही दोघी रिकामे ट्रे धूत होतो.

"कशात नापास म्हणला?"

"मॅनेजमेंटमध्ये."

तिला आधी हसू फुटलं. "चौदा बायका हितं मी संभाळती, आन् नापास तुमी?" मग हसू थांबलं. ती बराच वेळ तोच ट्रे धूत राहिली. "मग माझं काय, ताई?"

मी म्हटलं, उन्हाळ्यात काढते. ती म्हणाली, "दोनदा तुमी असंच मनाशी म्हणला असाल, व्हय ना?" दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला नेहमीसारखा चहा दिला, पण 'बस निघंल, पळा' असं रोज म्हणायची ते म्हणाली नाही.

मी उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली. ती आली त्या दिवशी कॉलेजच्या कट्ट्यावर बसून कन्हेरीच्या मुलीपुढे ठेवली आणि म्हटलं, चूक काय ते दाखव. प्रश्न होता स्पॅन ऑफ कंट्रोल, म्हणजे एका माणसाच्या देखरेखीखाली किती माणसं असावीत. मुलगी माझं इंग्रजी मोठ्याने मराठीत करत वाचू लागली.

"'हे देखरेख करणाऱ्यावर अवलंबून आहे. माझी धाकटी जाऊ चौदा बायका सांभाळू शकते. माझा नवरा तीन...'" तिने कागद तोंडावर धरला. "काकू! हे तुम्ही पेपरात लिहिलंय?"

"खरं आहे ते."

"खरं कुणी विचारलंय? पुढे ऐका. 'तीन बायका असल्या तरी तो चहा प्यायला निघून जातो.' अगं आई गं!"

तिचं हसून होईपर्यंत मी डबा खाल्ला. मग ती कामाला लागली. त्या बाबतीत ती पोरगी गंभीर होती.

"काकू, तपासणाऱ्यापुढे गठ्ठा असतो. तो वाचत नाही, शोधतो. व्याख्या कुठे आहे? नाही. मुद्दे कुठे आहेत? नाही. सगळं सलग, पत्र लिहिल्यासारखं. आधी व्याख्या, चौकटीत. मग हेडिंग, खाली रेघ. सहा मुद्दे, प्रत्येकाला दोन ओळी. शेवटी निष्कर्ष. आणि नवऱ्याला घरी ठेवायचं."

मला राग आला नाही, असं म्हणणार नाही. वीस वर्षांचं काम रेघ न मारल्यामुळे बाद होतं, हे पचायला बस लासुर्ण्याला पोचेपर्यंतचा वेळ लागला. उतरल्यावर मी स्टँडसमोरच्या दुकानातून पट्टी घेतली.

दुसऱ्या दिवसापासून पाठांतर सुरू केलं. सकाळी कॉलेज, दुपारी नर्सरी, तेव्हा पाठांतराची जागा नर्सरीच. डोळे लावता लावता मी मोठ्याने म्हणायचे. जावेने दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी तिने माझी वही काढून घेतली, प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि म्हणाली, "सांगा. मुद्दा चौथा."

"हाताखालच्यांची क्षमता."

"त्याच्या आदी?"

मला आठवेना. ट्रे भरणाऱ्या बायकांत सगळ्यांत वयस्कर असलेल्या अक्का कोपऱ्यातून म्हणाल्या, "कामाचं सरूप!" बायका खिदळल्या. महिनाभरात त्या सगळ्यांना सहाच्या सहा मुद्दे येऊ लागले. एकदा नवरा येऊन बायकांना म्हणाला, हे ट्रे तिकडं न्या. जावेने ते नुकतेच इकडं आणवले होते. अक्का कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "न्हाय जमायचं. युनिटी ऑफ कमांड." माणसाला हुकूम एकाच्याच तोंडून मिळावा, हे मी त्यांना आदल्या दिवशी समजावलं होतं. नवरा माझ्याकडे बघत म्हणाला, "काय शिकवतीस गं यांना?" आणि चहा प्यायला निघून गेला.

याच पाठांतरात एक गोष्ट ध्यानात आली, आणि खरं तर तिथून मला अभ्यास गोड लागला. पुस्तकातला दुसरा मुद्दा होता, देखरेख करणाऱ्याची क्षमता. म्हणजे माझी जाऊ आणि माझा नवरा. पुस्तकात माझंच उत्तर होतं. फक्त कुणीतरी त्यातली माणसं काढून घेतली होती, म्हणजे ते कारखान्यालाही लागू पडेल आणि दवाखान्यालाही. हे काही वाईट नव्हतं. मी दोन वर्षं पुस्तकाशी उगाच भांडत होते.

उन्हाळ्यातल्या पेपरला प्रश्न वेगळा आला. स्पॅन ऑफ कंट्रोल नव्हताच. अधिकार वाटून देणं, डेलिगेशन, यावर होता. मी प्रश्न दोनदा वाचला. मग मी पट्टी काढली. व्याख्या, चौकट, हेडिंग, रेघ. मुद्दे लिहिताना मनात अक्का आणि जाऊ होत्या, कागदावर सुपरवायझर आणि कामगार. वेळ संपेपर्यंत लिहीत होते. हॉलमधून सर्वांत शेवटी उठले ती मी.

निकाल मोबाइलवर लागला तेव्हा मी नर्सरीत होते. हात मातीचे होते, म्हणून फोन जावेला बघायला सांगितला. तिने आकडा वाचला, पासिंगचा आकडा विचारला, मनात वजाबाकी केली.

"अकरा जास्ती हायत," ती म्हणाली.

"पुरेत की."

"पुरेत." तिने फोन माझ्या पिशवीत घातला आणि बायकांकडे वळून ओरडली, "तोंडं काय बघताय? हात चालवा!" पण दुसऱ्या दिवशी सकाळी, मी चप्पल घालत असताना, आतून आवाज आला, "बस निघंल, पळा."

तिसरं वर्ष काही सांगण्यासारखं झालं नाही, म्हणजे चांगलं झालं. पदवी मिळाली. कन्हेरीची मुलगी पुढे शिकायला पुण्याला गेली. अधूनमधून फोन करते आणि चटणी मागते.

शेवटचा निकाल लागला त्याच आठवड्यात मी जावेला घेऊन इंदापूरला गेले. तिला चौतीस चालू होतं. तोच टायपिस्ट, तेच झाड.

"गॅप किती?"

"सोळा वर्सं," जाऊ म्हणाली.

त्याने मला ओळखलं. "चोवीसवाल्या तुमीच ना? पुढं काय झालं?"

"पास झाले."

"आन् घरात आजून कोण हाय का अशा?" असं म्हणत त्याने टाइप केलं, घरगुती कारणास्तव. जाऊ म्हणाली, एका ओळीत कसं बसलं हो हे सगळं? तो म्हणाला, "सगळ्यांचं बसतंय."

तिला प्रवेश मिळाला. आता सकाळी ती पांढरा ड्रेस घालून जाते आणि 'बस निघेल, पळ' असं मी म्हणते. नर्सरी माझ्याकडे आली. पदवी हातात, अनुभव वीस वर्षांचा, चौदा बायका समोर. पहिल्या आठवड्यात दोन ओळी ट्रे पाण्यावाचून सुकले, एका शेतकऱ्याला तयार रोपांऐवजी कोवळी रोपं गेली आणि दोन बायका एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. चौदा जणींचं जाऊ कसं निभवत होती, ते मी इतकी वर्षं तिच्या शेजारी उभी राहून पाहिलं होतं, पण केलं नव्हतं. एका रविवारी कागद घेऊन बसले आणि प्रामाणिकपणे लिहिलं. माझ्याच्याने नऊ होतात.

मग पाच बायका मी अक्कांच्या हाताखाली दिल्या. त्यांच्या कामात मी बोलत नाही. जावेला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "हे आदी का न्हाय सुचलं आपल्याला?"

"सुचलं होतं," मी म्हटलं. "उन्हाळ्यातल्या पेपरात लिहून आले होते."