मोदकाच्या कळ्या
हळदीच्या पानांचा वास आला की गिरगावातलं आमचं स्वयंपाकघर आठवतं. बाळांनो, एका गणेशचतुर्थीच्या आधी तुमच्या आत्याची, माझ्या लेकीची, बायपोलर आजाराची गोळी डॉक्टरांनी नुकतीच वाढवली होती. तिच्या मोदकांच्या कळ्या बघायला शेजारणी यायच्या, पण त्या चतुर्थीला तिचे हात थरथरत होते आणि पारी सारखी फाटत होती. "राहू दे गं, करंज्या करू," मी म्हणाले. "गोळी सोडली तर हात थांबतील, आई. पण मग डोकं पळत सुटेल, गेल्या वर्षीसारखं." तिने हात धुतले, गोळी गिळली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. ती गोळी अजून चालू आहे. फोनवर तुम्ही विचारता तेव्हा आत्या बरी आहे एवढंच मी सांगते. ती आता स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही, हे सांगत नाही.