पालखीची दांडी आणि खांद्याची सोनोग्राफी

मंडळी, आजची दुपार मी जन्मभर जपून ठेवणार आहे.

आमच्या गावच्या पालखीची पुढची दांडी पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराकडं. यंदा माझा उजवा हातच वर जाईना. एक्स-रेत हाड ठीक निघालं आणि चुलतभाऊ बाळूनं गावभर केलं, "खांद्याला काय झालं न्हाय, अंगात आळस भरलाय." दांडीचा मान त्याला हवाय, दुसरं काय.

आज धाराशिवात सोनोग्राफी होती. माझी फजिती बघायला बाळू मुद्दाम सोबत आला.

डॉक्टरीणबाईंनी खांद्याला गार जेल लावून मशीन फिरवलं. पडद्यावर सांध्याभोवती काळं पाणी दिसलं, मग लाल ठिपके चमकले. "चांगलीच सूज आहे. ओझं उचलायचं नाही."

बाळू म्हणाला, "मॅडम, हे मशीन कुणाला पण सूज दाखवत असंल. माझ्या खांद्याला लावा बरं."

त्याच्या शर्टाची बटणं मीच काढून दिली, डाव्या हातानं.

बाईंनी मशीन जरा दाबलं तसा बाळू कळवळला. पडदा माझ्यापेक्षा लाल. "तुम्ही पण उचलायचं नाही."

चहाच्या गाड्यावर तो हळूच म्हणाला, "भाऊ, घरी कुणाला सांगू नको." मी शब्द दिला.

शब्द पाळलाय. घरी तोंड उघडलं नाही, फक्त इथं लिहितोय. सगळी भावकी हे वाचते, त्याला मी काय करू?

यंदा दांडी माझी लेक धरणार. कुणाची हरकत असेल तर हात वर करा. बाळूनं आधी.