आबांची घोंगडी

माझं लग्न एका घोंगडीपायी मोडता मोडता वाचलं.

निमोण्यातल्या आमच्या घरची मेंढरं माझ्या जन्माआधीच विकली गेली होती. (मी सोलापुरी चादरीत वाढलो!) भांडगावला सारिकाच्या घरीही मेंढरं उरली नव्हती, पण मान अजून घोंगडीचाच. मुलगी बघायला गेलो, तेव्हा तिच्या आजोबांनी, म्हणजे आबांनी, घरच्या लोकरीची घोंगडी अंथरून मला वर बसवलं. पोहे झाले, पसंती झाली. सगळं सुखरूप.

महिन्यानं तारीख धरायला गेलो आणि पुन्हा त्याच घोंगडीवर बसलो. आधी एक शिंक आली, मग सलग नऊ! मग नाक आणि डोळे एकदमच वाहू लागले. आबांनी हातातलं पंचांग मिटलं. पोरगा रडतोय, म्हणजे घरच्यांनी जबरदस्तीनं आणलाय, असं त्यांना वाटलं.

"पोरा, मनात नसंल तर आत्ताच सांग. नात काय जड न्हाई आमाला."

मला सारिका मनापासून हवी होती. पण तोंड उघडलं की शिंकच बाहेर पडायची. माझ्या मामांनी घाईघाईनं सांगितलं की रडत नाही तो, अंगावर पित्त उठलंय. आबा विरघळले. पित्तावर त्यांच्याकडे एकच उपाय होता. त्यांनी मला त्याच घोंगडीत डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलं! दहा मिनिटांनी माझं तोंड बाहेर आलं, तेव्हा मामांनाही ओळखायला वेळ लागला.

सारिका केडगावला एका दवाखान्यात नर्स होती. तिनं घोंगडी ओढून काढली, गोळी दिली आणि मला कडुलिंबाखालच्या बाजेवर निजवलं. गोळी हळूहळू चढली. पानं संथ हलत होती, उसावरून पांढरे ढग मेंढरांसारखे चालले होते, आणि कुठून तरी लांबून तिचा आवाज येत होता. शरीराचे राखणदार असतात, ती आबांना समजावत होती; त्यांनी बिचाऱ्या लोकरीला चोर समजलं. पहिल्या भेटीत त्यांनी नुसती ओळख धरली आणि हत्यारं तयार ठेवली. दुसऱ्यांदा लोकर भेटली, तशी पेशींनी साठवलेलं रसायन अंगात ओतलं. म्हणून ही सूज, हे पाणी, ही खाज.

"चोर न्हाईच, आबा. राखणदारच खुळं हायेत."

इतक्या गोड आवाजात मला कुणी खुळं ठरवलं नव्हतं. मी झोपेतच हसलो म्हणे. आबांनी ते पाहिलं आणि पंचांग पुन्हा उघडलं.

आहेरात अर्थातच घोंगडी आली. ती तीन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून माळ्यावर ठेवलीय. आबा यायचे असले की ती खाली उतरते. मी आधी गोळी घेतो, मग तिच्यावर बसून त्यांचं बोलणं मिटल्या डोळ्यांनी ऐकतो.

आबा गावभर सांगतात, "नातजावई लाखात एक. कवा उलटून बोलत न्हाई. निस्तं मेंढरू हाय."